हिरवं कार्ड, खारं पाणी

आमच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आजवरच्या सरपंचांच्या नावांच्या पाटीखाली, एक हिरवं कार्ड लावलेलं आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा गावोगावच्या पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. जोखीम कमी निघाली तर हिरवं कार्ड, मधली निघाली तर पिवळं, फारच निघाली तर लाल. वर्षानुवर्षं लाल-पिवळं न होता राहिलेल्या गावाला चंदेरी कार्डाचाही मान मिळतो. आमचं हिरवं आहे आणि ते खोटं अजिबात नाही. टाकीभोवती चिखल नाही, व्हॉल्व्ह गळत नाही, बोअरच्या ओट्याला तडा गेलेला नाही, ब्लिचिंग पावडरीचं पोतं कोरड्या खोलीत ठेवलेलं आहे. जलसुरक्षक पोरगा खरंच मनापासून काम करतो.

फक्त, ज्या बोअरला हे कार्ड लागू आहे त्याचं पाणी तोंडात धरवत नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठापासून थोडं आत. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेली गाळाची काळी जमीन म्हणजे खारपाणपट्टा. वर बघितलं तर महाराष्ट्रात क्वचित दिसेल अशी सपाट, खोल, भारी जमीन. मूग, कपाशी, हरभरा डोळ्यांत भरतो. खाली मात्र खारं पाणी. हा भाग भूगर्भात खचलेला, वर शेकडो फूट गाळ साचलेला. त्या गाळातून पाण्याचा निचरा नीट होत नाही आणि क्षार वाहून न जाता तिथंच मुरून बसतात. इथं पूर्वी समुद्र होता असं म्हातारी माणसं सांगतात. ते शास्त्राला धरून नसेल, पण पाण्याचा घोट घेतल्यावर त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

मी मूळची वर्धा जिल्ह्यातली, आर्वीकडची. माहेरच्या विहिरीचं पाणी गोड आहे हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं, कारण पाण्याला चव असते हेच ठाऊक नव्हतं. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात मी तुरीचं वरण लावलं आणि ते शिजेचना. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी डाळ दाताखाली टचटचत होती. सासूबाई म्हणाल्या, "बोरच्या पान्यात दाय शिजत नाई व माय, त्या गुंडातलं घे." तो पितळेचा गुंड कोपऱ्यात झाकून ठेवलेला. त्यात योजनेच्या नळाचं पाणी, आठवड्यापूर्वी भरलेलं. तेव्हा कळलं की या घरात दोन पाणी नांदतात आणि कुठल्या कामाला कुठलं, याचा अलिखित कायदा आहे. आंघोळ, भांडी, धुणं, गुरं बोअरच्या पाण्यावर. पिणं, वरण, चहा गुंडातल्या पाण्यावर. पाहुण्यांना कुठलं, हे पाहुणा कोण आहे त्यावर. मुलीसाठी स्थळ बघायला आलेल्यांना इथं पोह्यांआधी पाणी देतात ते अर्थातच गोडं. तरी त्यांच्यातला एखादा जाणता माणूस हळूच विचारतोच, नळ किती दिसाआड येतो म्हणून.

आमच्याकडे गजानन महाराजांची पोथी घरोघर वाचली जाते. अकोली जहागीरच्या शिवारात तहानलेल्या महाराजांना पाणी नाकारणारा भास्कर पाटील पोराटोरांना माहीत आहे. पुढं कोरड्या विहिरीला पाणी लागतं आणि पाटील पायावर लोळण घेतो. लहानपणी मला त्या पाटलाचा राग यायचा. इथं नांदल्यावर त्याच्याबद्दल थोडी कणव वाटू लागली. लांबून डोक्यावर आणलेली घागर उन्हात कुणालाही देणं सोपं नसतं.

बचत गटाचे हिशेब मी लिहिते, म्हणून असेल, पाणी तपासायच्या प्रशिक्षणाला माझं नाव गेलं. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, त्यात प्रत्येक गावातल्या निदान पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं असं ठरलं होतं. मला ती कल्पना फार आवडली आणि अजूनही आवडते. एक पेटी मिळते. तिच्यात छोट्या बाटल्या, नळ्या, रंगांचा तक्ता. पाण्यात थेंब टाकायचे, रंग बदलला की तक्त्याशी जुळवायचा. क्लोरीन आहे का हे बघायला थेंब टाकला की पाणी पिवळं होतं. ते पिवळं झालं की आमच्यातल्या एक काकू दर वेळी टाळ्या वाजवायच्या.

त्या प्रशिक्षणात पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाचा, म्हणजे आयएस १०५०० चा तक्ता वाटला होता. २०१२ साली सुधारलेला. बाकीच्यांनी तो घडी करून ठेवला, मी तो अजून अधूनमधून उघडते. प्रत्येक घटकापुढे दोन रकाने आहेत. पहिल्यात योग्य मर्यादा आणि दुसऱ्यात 'पर्यायी स्रोत नसल्यास' चालेल ती मर्यादा. विरघळलेले क्षार, ज्याला सगळे टीडीएस म्हणतात, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य. पर्याय नसल्यास २०००. कठीणपणा २००, नसल्यास ६००. क्लोराइड २५०, नसल्यास १०००. फ्लोराइड १, नसल्यास दीड. नायट्रेटला मात्र दुसरा रकानाच नाही. ४५ म्हणजे ४५, तिथं सवलत नाही.

'पर्यायी स्रोत नसल्यास' या तीन शब्दांवर आमचा अख्खा तालुका जगतो आहे. तक्ता करणाऱ्यांची चूक नाही. माणसाला तहानेनं मारण्यापेक्षा जरा खारं पाणी बरं, हा हिशेब बरोबरच आहे. पण तात्पुरती दिलेली सवलत आपल्याकडे कायमची होते. बोअरच्या पाण्याचं टीडीएस १८०० आलं की कागदावर लिहिलं जातं, 'मर्यादेत'. कुठल्या रकान्यातल्या मर्यादेत, हे कुणी लिहीत नाही. आणि पर्यायी स्रोत नाही हे नक्की कुणी, कधी, कसं ठरवलं, याचा कागद तर मी अजून पाहिलेला नाही. उन्हाळ्यात आमच्या बोअरचा मीटर दोन हजाराच्या वर जातो. मग दुसरा रकानाही संपतो, पण कार्ड हिरवंच राहतं, कारण कार्ड चिखल, गळती आणि पावडर बघतं. मीठ बघणं त्याच्या कामात नाही. जंतूंनी होणारी हगवण गावात आली तर दोन दिवसांत दिसते, गाडी येते, साहेब येतात, पेपरात येतं. मिठानं जे काही होतं ते वीस वर्षांत होतं, तितका वेळ कुठल्याच साहेबाची बदली थांबत नाही.

किडनीचं बोलायलाच हवं. खारपाणपट्ट्यातल्या गावांत किडनीचे रुग्ण दाखवायला फार हिंडावं लागत नाही. पाण्यामुळेच, असं गाव ठामपणे सांगतं. डॉक्टर जपून बोलतात. उन्हात राबणं, कमी पाणी पिणं, अंगदुखीच्या गोळ्या, बीपी, साखर अशी बरीच कारणं एकात एक गुंतलेली असतात, असं म्हणतात. तेही बरोबर आहे. पण गुंता सोडवायचा तर धागे एका टेबलावर यावे लागतात. डायलिसिसला जाणाऱ्यांची यादी आरोग्य खात्याच्या रजिस्टरात, बोअरचे आकडे पाणीपुरवठ्याच्या पोर्टलवर, आणि भूजलाचे नकाशे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे. ही यंत्रणा १९७०च्या दशकापासून विहिरींच्या पातळ्या मोजते आहे, इतकी जुनी आणि जाणती. तिन्ही ठिकाणी गावाचं नाव तेच. तरीही ही तीन कागदपत्रं एकाच ग्रामसभेत शेजारी-शेजारी ठेवलेली मी पाहिली नाहीत. तशी ठेवायला नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक पुरेल.

एका बाबतीत आमचं मीठ प्रामाणिक आहे. ते जिभेला सांगून येतं. यवतमाळकडे, पांढरकवडा-झरीच्या पट्ट्यात, फ्लोराइड आहे; त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी गोड लागतं आणि पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात, पुढं हाडं धरतात. नायट्रेटचंही तसंच. उकिरड्याशेजारची विहीर, युरिया मुबलक पडणारं शेत, शोषखड्ड्याजवळची हातपंपाची जागा. पाणी चवीला छान आणि तान्ह्या बाळाला घातक. त्यात उकळलं की आणखी वाईट, कारण पाणी उडून जातं आणि नायट्रेट मागं राहतं. एका प्रशिक्षणात मी हे सांगितलं तेव्हा एक आजी उठून म्हणाल्या, "म्हंजे उकयून देल्लं तेई चुकलंच काय?" त्यांना काय उत्तर द्यावं, कळेना. जिभेवर विसंबायची सवय आम्हा खारपाणवाल्यांना जरा जास्तच आहे. गोड म्हणजे चांगलं, इतकं सरळ.

मग गोड पाणी आणायचं कुठून? सातपुड्याकडून. मेळघाटात भरपूर पाऊस पडतो, त्याच्या पायथ्याशी धरणं आहेत, तिथून नळ. अकोट-तेल्हाऱ्याला वान धरणावरची ८४ खेडी योजना, अकोल्याला मात्र दक्षिणेच्या डोंगरांतून येणाऱ्या काटेपूर्णेच्या पाण्यावरची खांबोऱ्याची ६४ खेडी, आणि अशाच मोठ्या योजना आमच्या बाजूलाही. या योजनांनी पट्ट्याला जगवलं, हे आधी मान्य करते. त्या नसत्या तर निम्मी गावं उठून गेली असती. पण धरणातल्या त्याच पाण्यावर शेतकऱ्याचाही हक्क असतो. बाळापूरकडच्या ६९ गावांसाठी वानचं पाणी देण्यावरून तेल्हाऱ्याकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरच्या दिशेनं पायी निघाले. पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम, हे राज्याच्या धोरणात लिहिलेलं आहेच. पण ज्याचा संत्रा-केळीचा बाग त्या कालव्यावर आहे त्याला तो क्रम वाचून दाखवून बघा.

आणि नळ आला म्हणजे पाणी आलं असंही नाही. आमचं गाव योजनेच्या शेपटाला आहे. वरच्या गावांनी घेऊन उरलं की आम्हाला. सुगीत आठवड्यानं, उन्हाळ्यात त्याहून लांबणीवर. सरकारी हिशेबात माणशी दिवसाला ५५ लिटर. पाणी आलं की गावात जत्रेसारखी धांदल उडते. दाब कमी, म्हणून प्रत्येकानं नळ खाली घेण्यासाठी अंगणात खड्डा खणलेला. त्या खड्ड्यात सांडपाणी साचतं. वर टिल्लू पंप लावलेला. पाइपात पाणी नसताना पंप सुरू झाला की तो हवा ओढतो, आणि हवेबरोबर जोडाच्या फटीतून खड्ड्यातलं जे असेल ते. धरणावर शुद्धीकरण केंद्रात गाळून, क्लोरीन घालून, चाळीस-पन्नास किलोमीटर वाहून आणलेलं पाणी शेवटच्या चार फुटांत नासतं. पुढं ते ड्रममध्ये आठ-दहा दिवस राहतं. तळाशी अळ्या. मग फवारणीची गाडी डेंगीसाठी येते, म्हणजे पाण्याच्या खात्यात वाचवलेला रुपया आरोग्याच्या खात्यातून दुपटीनं जातो.

आता नळांची मोजणी बघा. किती घरांत तोटी बसली, याचा टक्का रोज पोर्टलवर चढतो. ती तोटी महिन्यात किती वेळा ओली झाली आणि शेवटच्या घरातल्या पेल्यात क्लोरीन लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरला का, याचा टक्का भिंतीवर कुठं दिसत नाही. गावातल्या बायकांनी तपासलेले आकडे मोबाइलवरून वर जातात. वर गेलेलं खाली परत येत नाही. आम्ही एकदा ते कोळशानं पाण्याच्या टाकीवरच लिहिले: तारीख, टीडीएस, क्लोरीन. पहिल्या आठवड्यात सरपंच जरा नाराज होते. गावाची बदनामी होते म्हणाले. दुसऱ्या महिन्यात क्लोरीनचा आकडा शून्य आला आणि तो टाकीवर दिसला, तेव्हा त्याच दिवशी दुपारी नवं पोतं आलं. याआधी त्यासाठी तीन अर्ज केलेले होते. रेशनच्या दुकानाबाहेर साठ्याचा फलक लावणं सक्तीचं आहे ना, तसा टाकीवर पाण्याचा फलक सक्तीचा करायला काय लागतं? रंगाचा डबा आणि ब्रश.

आरओचं थोडक्यात सांगते. चौकात पाच रुपयांचं नाणं टाकलं की कॅन भरणारं यंत्र आमच्याकडेही बसलं, उद्घाटनाला मंडप होता. इतक्या खाऱ्या पाण्यात निम्म्याहून अधिक पाणी फेकलं जातं, ते अजून खारं होऊन नाल्यात, म्हणजे पुन्हा त्याच जमिनीत. मेंब्रेन बदलायचा खर्च कुणाच्या आराखड्यात नव्हता. सध्या त्या खोलीत गणपतीचं डेकोरेशन ठेवतात.

हे सगळं लिहिताना मी तोच तक्ता पुढ्यात घेऊन बसले आहे आणि मला छळतो तो तोच दुसरा रकाना. पर्यायी स्रोत नसल्यास. खरंच नाही का?

हिशेब करून बघा. पाच माणसांचं घर, माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला २७५ लिटर. यातलं पिण्याला आणि शिजवायला माणशी सात लिटर धरले तर ३५. म्हणजे गोडं पाणी हवं ते फक्त ३५ लिटर. उरलेले २४० खारे असले तर कपडे लवकर विटतील, भांड्यांवर पांढरे थर चढतील, पण किडनीशी संबंध नाही. ३५ लिटर वर्षभर म्हणजे पावणेतेरा हजार लिटर. आता घरकुल घ्या. पंतप्रधान आवास योजनेतल्या ग्रामीण घराचं क्षेत्र कमीत कमी २५ चौरस मीटर असतं. आमच्याकडे चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी धरून सातशे मिलिमीटर पाऊस धरू. पंचवीस गुणिले सातशे, साडेसतरा हजार लिटर. त्यातला पाचवा हिस्सा पहिल्या पावसात छत धुण्यात आणि गळतीत गेला समजा. तरी चौदा हजार उरतात. गावातल्या सगळ्यांत गरीब घराच्या छपरावर त्या घराला वर्षभर पुरेल इतकं, पट्ट्यातल्या कुठल्याही बोअरपेक्षा गोड पाणी दरवर्षी पडतं आणि अंगणातून नालीत, नालीतून पूर्णेत, पूर्णेतून तापीत जातं. पाचशे मिलिमीटरच्या दुष्काळातही ते दहा हजार भरतं, म्हणजे साडेनऊ महिने.

साठवायचं तेवढंच. ऑक्टोबर ते जूनच्या मध्यापर्यंतचे कोरडे दिवस धरले तर नऊ-दहा हजार लिटरची बंद टाकी हवी. झाकण घट्ट, उजेड आत जाऊ नये, पाइपाच्या तोंडाला जाळी, पहिल्या दोन सरींचं पाणी बाजूला सोडायची तोटी, वाळू-खडीची गाळणी, आणि महिन्याला क्लोरीनची तीच पिवळ्या रंगाची चाचणी. कबुतरं हा खरा शत्रू आहे. त्यावर उपाय म्हणजे एप्रिलमध्ये छत झाडणं. गाडगेबाबांचा जन्म शेजारच्या शेंडगावचा, ऋणमोचनला पूर्णेवर त्यांनी घाट बांधला. त्यांच्या मुलखात छत झाडायला माणूस मिळत नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

घरकुलाला सपाट भागात आवास योजनेचे मूळ १ लाख २० हजार मिळतात. त्यात घर होतं, शौचालयाचे आणि मजुरीचे पैसे वेगळ्या योजनांतून जोडले जातात. टाकीचा मात्र कुठं उल्लेख नाही. खारपाणपट्ट्यातल्या घरकुलाला टाकी जोडलेलीच असेल, एवढा एक बदल केला तर पुढच्या दहा वर्षांत किती घरं त्या दुसऱ्या रकान्यातून बाहेर येतील. शेपटाच्या गावांना नळाची वाट बघायचा ताण कमी होईल, आणि वानच्या शेतकऱ्याशी भांडायचं कारणही थोडं कमी होईल.

हे मी गेल्या ग्रामसभेत बोलले. बायका जास्त होत्या, त्यामुळे ऐकून घेतलं गेलं. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतला साठ टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांवरच खर्चायचा होता, त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्वापर यांसाठी, हेही मी वाचून दाखवलं. आमचे सचिव भले गृहस्थ आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "ताई, तुमचा हिशेब पटला. पन वैयक्तिक घरावर बंधित निधी टाकला तं ऑडिटले मी कोनतं लेखाशीर्ष दाखवू?"

एक म्हातारे शेतकरी मागून म्हणाले, शाळेच्या छतावर आधी करा, ती तर कुणाच्या घरची नाही ना. शाळेचं छत घरकुलाच्या कितीतरी पट, शिवाय पोरं पाणी घरी नेतील तर आई-बापांना चव कळेल. सचिवांनी ते लिहून घेतलं. शाळेला मुळात पन्हाळी नाहीत, त्या बसवायच्या तर शिक्षण विभागाची परवानगी लागेल, असंही त्यांनी लिहून घेतलं. ठराव एकमतानं झाला आणि पंचायत समितीकडे गेला आहे. दरम्यान मी गावातल्या मिस्त्रीकडून दहा हजार लिटरच्या टाकीचं कोटेशन आणलं आहे. आमच्या घराचं छत घरकुलाहून मोठं आहे. मालकांना आकडा दाखवला तर ते म्हणतात, कपाशी विकल्यावर बघू.